मुकी दोरी

ऋतिकाच्या धनुष्याचा आवाज सुरुवातीला कुणालाच खटकला नव्हता, आणि खटकायचं काही कारणही नव्हतं. निमोण्याच्या शिवारात संध्याकाळी आवाजांना काय तोटा? कुणाची विहिरीवरची पाण्याची मोटार चालू असते, कुणाच्या ट्रॅक्टरवर गाणी असतात, देवळाचा भोंगा असतो, गोठ्यात वासरू ओरडत असतं. त्या सगळ्या गलक्यात शाळेतून आलेली पोरगी गोठ्यामागे कडब्याच्या गंजीला कागद टाचून त्यावर बाण मारायची आणि दर बाणाला नायलॉनची दोरी ‘टण्ण’ करून वाजायची, एवढंच. तिचं ते बांबूचं धनुष्य बापानेच, म्हणजे ज्ञानेशने, बांबू शेकून आणि तासून केलं होतं. शेवंतीच्या मळ्यात दिवसभर कंबर मोडून घेणारा हा माणूस संध्याकाळी लेकीच्या मागे हात बांधून उभा राहायचा तेव्हा त्याची छाती उगाच दोन बोटं पुढे आलेली असायची. मोनिका, त्याची बायको, त्यावरून त्याला चिडवायची. बाण पोरगी मारते आणि घाम नवऱ्याला येतो, असं ती सगळ्या भावकीत सांगत सुटली होती.

ज्ञानेशचे वडील मारुतराव ठार बहिरे होते. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांचे कान हळूहळू गेले नव्हते, बऱ्याच वर्षांपूर्वी एका हंगामात दार लावून घ्यावं तसे ते बंद झाले होते. शिरूरच्या डॉक्टरने नस सुकल्याचं सांगून यंत्र दिलं, ते कानात घातलं की नुसती घरघर होते म्हणून आप्पांनी ते काढून फडताळात टाकलं, आणि तेव्हापासून घराने त्यांच्याशी खुणांनी बोलायची सवय लावून घेतली. आप्पांची काही तक्रार नव्हती. ओट्यावर बसून फुलं निवडावीत, चहा आला की प्यावा, ऊन कलंडलं की घोंगडी सरकवून घ्यावी, असं त्यांचं सुखाचं चाललं होतं.

त्या संध्याकाळीही ते फुलंच निवडत होते. गोठ्यामागे दोरी वाजली आणि आप्पांनी मान वळवली.

मोनिकाने ते पाहिलं आणि ती हातातलं भांडं तसंच टाकून ओरडत सुटली. मग काय, सगळं घर गोळा झालं. ज्ञानेशच्या आईने, धुरपदाबाईंनी, नवऱ्याच्या मागे उभं राहून परात बडवली, ज्ञानेशने ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरला, दिवाळीतला उरलेला एक फटाका होता तोही लावून झाला. आप्पा शांतपणे फुलं निवडत होते. पण ऋतिकाने बाण सोडला की मान वळायची, दर वेळी वळायची, आणि पाटाच्या चारीपलीकडे ऊस होता त्या बाजूला वळायची. त्या दिवशी सगळ्यांना इतका आनंद झाला की मान धनुष्याकडे न वळता भलतीकडेच वळते हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आप्पा उठून चालू लागले. दोरी वाजली तशी त्यांनी फुलांची पाटी बाजूला ठेवली, धोतर झटकलं, बांध उतरून चारीवरच्या फळीवरून पलीकडे गेले आणि उसाच्या कडेला जाऊन उभे राहिले. ज्ञानेश धावत गेला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर भ्रमिष्टासारखं काही नव्हतं, उलट कुणी बोलावल्यावर माणूस हातातलं काम ठेवून सौजन्याने निघतो तसा तो चेहरा होता.

“आलो म्हणालो मी त्याला,” आप्पा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले.

कुणाला, असं ज्ञानेशने हातानेच विचारलं. आप्पांनी उसाकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि हा आपली थट्टा करतोय असं समजून ते हसले.

तो ऊस त्यांचा नव्हता. पूर्वी तिथे ज्वारीचं रान होतं आणि तरुणपणी आप्पांनी ते राखलं होतं. पुढे चारीला पाणी आलं, ती जमीन दुसऱ्याकडे गेली आणि सगळीकडे ऊस झाला. आत मधोमध एक बिनकठड्याची जुनी विहीर होती. वरच्या वस्तीवरून बिबट्याने वासरू ओढून नेल्याला अजून महिना झाला नव्हता. रोज संध्याकाळी आप्पा त्या कडेला जाऊन उभे राहू लागले तसा ज्ञानेशचा जीव टांगणीला लागला.

“एक दिवस ते आत शिरत्याल,” तो मोनिकाला म्हणाला. “मंग शोधायचं कुठं? तोंडानं हाका मारून उपयोग हाय का त्यांना?”

“मग धनुष्य बंद करा की थोडे दिवस.”

हे सरळच होतं आणि हेच करायला हवं होतं. पण दौंडला तिरंदाजीची निवड चाचणी होती. गावातल्या शाळेतली पोरगी तिथवर पोचली होती, बोटांना घट्टे पडेपर्यंत तिने मेहनत घेतली होती, आणि आता ऐन वेळी तिला थांब म्हणायला बापाची जीभ रेटेना. शिवाय त्याच्या मते यात एवढं अवघड काय होतं? म्हातारा आवाजाने उठतो, तर आवाज कमी करायचा. धनुष्याचा आवाज म्हणजे दोरीचा आवाज. दोरी बदलायची.

शिरूरच्या मैदानावर पोरांना शिकवणारे महेंद्र सर भला माणूस. त्यांनी शनिवारी ज्ञानेशला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं.

“बारीक आणि कडक दोरी ओरडते. जरा जाड, जड दोरी घेतली की गप्प राहते. बाण थोडा मंद जाईल, तेवढं सोसायचं. दोरीला पीळ जास्त द्या, म्हणजे ती धनुष्यापासून लांब ताठ बसेल आणि उगाच फडफडणार नाही. आणि वर-खाली दोन ठिकाणी लोकरीचे गोंडे बांधा. थरथर पिऊन टाकतात.”

ज्ञानेशने नायलॉन काढून चुलीत घातलं. सरांनी दिलेल्या पॉलिस्टरच्या धाग्याची जाड दोरी वळली, मेण चोळून पीळ भरला. आवाज निम्म्याने उतरला. आप्पा त्या संध्याकाळी कडेवर थांबले नाहीत, उसाच्या पहिल्या सरीत पाय घालून उभे राहिले. मग ज्ञानेशने आप्पांच्याच घोंगडीच्या कडेची लोकर काढून तिचे गोंडे दोरीला बांधले. आता ‘टण्ण’ जाऊन नुसतं ‘धप’ असं ऐकू येई, तेही गोठ्याच्या अलीकडे पोचत नव्हतं. पोचलं आप्पांपर्यंत. ते आधीपेक्षा लगबगीने उठले, आणि ज्ञानेशने त्यांना गाठलं तेव्हा ते दोन सऱ्या आत होते.

इथे कुणीही शहाण्या माणसाने हात टेकले असते. पण ज्ञानेशच्या डोक्यात दोरी शिरली ती शिरलीच. त्याला कशात चैन पडेना. फुलं तोडताना त्याची बोटं आपोआप काहीतरी पिळत राहायची. कपडे वाळत घालायची तार, पोती शिवायचा सुतळीचा गुंडा, जनावराचा कासरा, दिसेल ती दोरी तो ताणायचा, बोटाने छेडायचा आणि कान लावायचा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याला वाटायचं, आवाज काढला तसं त्या आवाजाखाली दबलेलं काहीतरी आता मोकळं होतंय. मग तो स्वतःवरच चिडायचा आणि कूस बदलायचा.

“माझ्या परकराच्या नाडीला तेवढा कान लावू नका म्हणजे झालं,” मोनिका म्हणाली. पण ती हसली नाही.

सर एकदा सहज बोलून गेले होते की जुन्या काळच्या वाखाच्या दोऱ्या सगळ्यात गप्प असत. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, मिळाला तर बघा, म्हणाले. आता अंबाडी लावतं कोण, आणि लावली तरी भाजीपुरती. वाख काढणारी माणसंच राहिली नाहीत. ज्ञानेश गावभर विचारून आला आणि हात हलवत परतला. धान्याच्या खोलीत शिरला तेव्हा त्याची नजर खुंटीवर गेली. तिथे आप्पांची गोफण लोंबत होती. अस्सल अंबाडीची, आप्पांनी स्वतः वळलेली, ज्वारीच्या रानात राखणीच्या माळ्यावर उभं राहून वर्षानुवर्षं फिरवलेली. धूळ बसून काळी पडली होती, पण एक धागा तुटलेला नव्हता.

तो ती खाली काढून पाण्यात भिजवायला निघाला तशा धुरपदाबाई आडव्या आल्या.

“ज्ञानू, ती नगं उसवू.”

“आई, नुसती खुंटीला लोंबतीया. पाखरं राखायला कोण जातंय आता?”

“पाखरं?” म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. “ह्ये बघ, रान आवाज करून राखायचं असतंया. हाळी द्यायची, डबा बडवायचा, गोफणीचा फटकारा काढायचा. गप ऱ्हाऊन कोण राखतं का? त्या पोरीचं धनुष्य वाजतंया त्ये वाजू दे की. वाजतंया त्येच बरं हाय.”

“आन् आप्पा उठत्यात त्याचं काय करू?”

धुरपदाबाईंनी गोफणीवरून एकदा हात फिरवला. त्या बाजूला झाल्या. ज्ञानेशला नंतर पुष्कळदा वाटलं की तेव्हा आईला खोदून विचारायला हवं होतं. पण त्या घडीला त्याचे हात शिवशिवत होते आणि म्हातारीच्या बोलण्यात त्याला हट्टापलीकडे काही दिसलं नाही.

गोफण उसवायला दुपार गेली. भिजलेल्या वाखाला ज्वारीच्या कोंड्याचा आणि जुन्या घामाचा वास येत होता. ज्ञानेशने धागे विंचरले, मांडीवर वळून तीन पदरांची दोरी केली, मेण चोळून ती सावलीत वाळवली. इतकी सुरेख दोरी त्याच्या हातून कधी झाली नव्हती. संध्याकाळी त्याने ती धनुष्याला चढवली आणि लेकीच्या हातात दिली.

ऋतिकाने बाण लावला, ओढला, सोडला. काही म्हणजे काही वाजलं नाही. गंजीत बाण घुसल्याचा ‘थप्प’ आवाज झाला आणि तो झाल्यावरच बाण सुटल्याचं कळलं. ज्ञानेशच्या तोंडून ‘वा’ निघालं. पोरगी मात्र हातातल्या धनुष्याकडे बघत होती.

“पप्पा, दुसरी लावा.”

“का गं? नेम तर बरोबर बसला.”

“मी सोडलाच नाही,” ती म्हणाली. “मी सोडायच्या आधी कुणीतरी घेतला असं वाटलं.”

तेवढ्यात मोनिकाची किंकाळी ऐकू आली. ऐंशीच्या घरातले आप्पा पळत होते. बांधावरून, फळीवरून, थेट उसात, एखाद्या पोराला आईने हाक मारावी आणि त्याने धूम ठोकावी तसे. ज्ञानेश मागे धावला. पात्यांनी तोंड कापलं, दिशा कळेना, आणि ज्याला हाक मारून थांबवता येत नाही अशा माणसाचा नुसता सळसळाटावरून माग काढत तो आत आत गेला. विहिरीच्या अलीकडे त्याने आप्पांचा सदरा धरला. म्हाताऱ्याचे हात रक्ताने भरले होते आणि तो हसत होता. ज्ञानेशला रडू कोसळलं. बापाला मिठी मारून तो त्या उसात लहान मुलासारखा रडला, आणि आप्पा त्याच्या खांद्यावरून विहिरीकडे पाहत मान डोलावत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने आप्पांना कासुर्डीला नेऊन सोडलं. तिथे त्याची बहीण दीक्षा दिली होती. न्हावऱ्यावरून नदी ओलांडून चौफुला, तिथून यवत आणि पुढे कासुर्डी, म्हणजे बाण तर सोडाच, तोफ वाजली तरी आवाज पोचायचा नाही. चाचणी होईपर्यंत आप्पा लेकीकडे राहतील, मग बघू, असं ठरलं. परतताना ज्ञानेशला किती दिवसांनी हलकं वाटलं.

ते हलकेपण दोन संध्याकाळी टिकलं. मग दीक्षाचा फोन आला.

“दादा, आप्पा असं काय करत्यात रं? नीट बसल्यालं आसत्यात आन् एकदम उठून दारात जात्यात. काल पार सोलापूर रोडपतुर गेलं. ट्रकवाल्यानं शिव्या घातल्या.”

“कवा उठत्यात?”

“ह्या टायमालाच की. आत्ता बघ, आत्ताच मान वळवली त्यांनी.”

ज्ञानेशने गोठ्यामागे पाहिलं. ऋतिका गंजीतून बाण काढून परत येत होती. त्याने तिला हाताने थांबवलं आणि दीक्षाला आप्पांवर लक्ष ठेवायला सांगितलं. बराच वेळ दोघे फोन धरून नुसते उभे राहिले. आप्पा चहा पितायत, दीक्षा म्हणाली. आता बशी खाली ठेवली. आता पोराशी खेळतायत. ज्ञानेशने लेकीकडे पाहून मान हलवली. तिने मुकाट्याने धनुष्य उचललं, ओढलं आणि सोडलं. इकडे काहीच ऐकू आलं नाही.

“उठलं,” दीक्षा फोनवर म्हणाली.

त्याने पोरीच्या हातातून धनुष्य घेतलं, दोरी उतरवली, तिची गुंडाळी केली आणि खिशात घातली. ऋतिकाने बाणही गोळा करून त्याच्या हातात दिले. खरं तर तिला सुटल्यासारखं झालं असावं. ती उरलेले दिवस शिरूरला सरांकडे राहून त्यांच्याच धनुष्यावर सराव करायला तयार झाली, आणि जाताना तिने ती दोरी जाळून टाका असं बापाला बजावलं. ज्ञानेश हो म्हणाला. पण इतकी चांगली वळलेली दोरी जाळायची कशी, म्हणून ती त्याच्या खिशातच राहिली आणि काम करता करता त्याची बोटं तिच्याशी चाळा करत राहिली.

आप्पांना त्याने घरी आणलं. आता धनुष्याला दोरी नव्हती, बाण सुटत नव्हता, आणि आप्पा जागचे हलत नव्हते. फक्त पहिले काही दिवस ते एस.टी.ची वाट बघत बसलेल्या माणसासारखे वरचेवर रस्त्याकडे, मग उसाकडे पाहायचे. मग तेही बंद झालं. आणि एका दुपारी ओट्यावर फुलं निवडता निवडता ते म्हणाले, “मोटार बंद पडली बग.”

मोटार खरंच बंद पडली होती. मोनिका पदर तोंडाशी धरून उभी राहिली. तिने मागून हळूच “आप्पा” म्हटलं आणि आप्पा “काय गं?” म्हणाले. घरात दसरा-दिवाळी एकदम आल्यासारखं झालं. कासुर्डीहून दीक्षा पोराबाळांसकट येऊन गेली, भावकी लोटली, डॉक्टरने कानात बॅटरी मारून पाहिली आणि खांदे उडवले. सगळ्यांना मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे आप्पा उलट त्यांनाच दटावायचे की ओरडताय कशाला, मी काय बहिरा आहे? ज्ञानेशला धन्य वाटलं. बाप हातचा जाता जाता राहिला होता, वर कान घेऊन परत आला होता. देवाकडे आणखी काय मागायचं?

एकट्या धुरपदाबाई त्या आनंदात नव्हत्या. त्या सारख्या मुलाकडे बघत असायच्या.

“ज्ञानू, तू का रं एवढ्या मोठ्यानं बोलतूयास?” एकदा जेवताना त्यांनी विचारलं. ज्ञानेशने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो भाजीत बुडवला. त्यांनी त्याच्या हाताला हात लावून परत विचारलं तेव्हा त्याने वर पाहिलं.

“मी? न्हाई बा,” तो म्हणाला, आणि आप्पांनी दचकून कानावर हात ठेवला.

मोटार बंद पडल्याचं आपल्याला कसं कळलं नाही, हे त्याच्या मनात येऊन गेलं होतं. शेवंतीच्या दिवसांत त्याला दरवर्षीच सर्दी व्हायची, कानाला दडे बसायचे, तसंच असेल. ऋतिकाचे फोन आलेले त्याला नंतर दिसायचे. वाजलाच नाही, असं तो म्हणायचा आणि मोनिका म्हणायची, अहो, तुमच्या खिशातच तर वाजत होता. चिडचिड त्याची वाढली होती. एका जागी बसवेना, केलेलं काम संपल्यासारखं वाटेना, कुणीतरी बोलता बोलता मध्येच थांबावं आणि पुढचं वाक्य कधी येतं म्हणून आपण ताटकळावं तसं दिवसभर व्हायचं. संध्याकाळ झाली की त्याचे पाय आपोआप बांधाकडे वळायचे. तो स्वतःला बजावून परत आणायचा.

चाचणीच्या दिवशी मोनिका भल्या सकाळी शिरूरला गेली आणि तिथून सरांच्या जीपने लेकीबरोबर दौंडला. ज्ञानेशलाही जायचं होतं, कपडेसुद्धा इस्त्री करून ठेवले होते, पण आप्पांना एकटं म्हातारीवर सोडून जायला त्याचं मन धजेना. इतके दिवस सांभाळलं, आज एका दिवसासाठी घात नको, असा त्याने विचार केला. फोन समोर ठेवून तो ओट्यावर आप्पांशेजारी फुलं निवडत बसला. निकाल कळला की मोनिका लावणार होती. पोरगी निवडली जावी म्हणून त्याने मनातल्या मनात खंडोबाला भंडारा बोलला.

फार निवांत दिवस होता. आज सगळ्या शिवाराला सुट्टी आहे की काय असं त्याला वाटलं. ना मोटार, ना ट्रॅक्टर, ना देवळाचा भोंगा. वाऱ्याने उसाचे शेंडे हलत होते आणि तेही अगदी बिनबोभाट. गोठ्यात वासराने तोंड उघडलं आणि मिटलं. आप्पा मध्येच मान वर करून फोनकडे बोट दाखवत होते, त्यांचे ओठ हलत होते, आणि ज्ञानेश त्यांच्याकडे पाहून समजल्यासारखी मान डोलावत होता. फोनचा दिवा लागला आणि विझला. दुपार कलंडत चालली होती.

‘टण्ण.’

इतका खणखणीत, इतका जवळचा आवाज त्याने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. नायलॉनच्या दोरीचा, त्या पहिल्या, चुलीत घातलेल्या दोरीचा. उसातून आला होता. आणि तो आला त्या क्षणी महिन्याभराची तगमग एकदम निवली. एवढंच होतं तर, असं त्याला वाटलं, आणि इतके दिवस आपण उगाच घाबरलो याची लाजही वाटली. त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांना काहीच ऐकू आलेलं दिसलं नाही. ज्ञानेशने हातातली फुलं नीट पाटीत ठेवली, गुडघे झटकले आणि तो उठला.

फळी ओलांडेपर्यंत आणखी दोनदा आवाज झाला. उसाच्या कडेला पोचल्यावर त्याने “आलो” म्हटलं. म्हटलं असावं, कारण ओठ हलले, घशात कंप जाणवला.

पाठीमागून कुणीतरी त्याचा सदरा धरला. ते आप्पा होते, धापा टाकत होते, त्यांचं तोंड त्याच्या तोंडाशी आलं होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांच्या खांद्यावरून त्याला घर दिसलं. अंगणात जीप उभी होती, तिची दारं सताड उघडी होती. मोनिका पळत येत होती. तिच्या पुढे बांधावरून ऋतिका येत होती, गळ्यात काहीतरी चकाकत होतं, दोन्ही हात वर होते आणि तोंड इतकं मोठं उघडलं होतं की गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या इथून दिसत होत्या. निवड झाली असणार. केवढी उंच दिसते पोरगी, त्याच्या मनात आलं, आणि त्याला तिचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात मागून, उसातून, पुन्हा बोलावणं आलं. ज्ञानेशने आप्पांची बोटं एक एक करून हळुवार सोडवली, लेकीला हात हलवून आलोच अशी खूण केली, आणि तो वळला. कुणाला एवढा वेळ ताटकळत ठेवणं त्याला बरं वाटेना.